प्राध्यापकांना शिकवायला कोण शिकवतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय आपल्या पोरांचा आहे, म्हणून वाचाच.

आम्हा बातमीदारांकडे वर्षभरात एका ठरावीक साच्याच्या प्रेसनोट येतात. ‘अमुक महाविद्यालयात सात दिवसीय फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम उत्साहात संपन्न.’ सोबत फोटो. मागे फ्लेक्स, समोर समई, मध्ये शाल-श्रीफळ. उद्घाटन कोणी केलं, अध्यक्षस्थानी कोण होतं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं असतं. सात दिवसांत प्राध्यापक नेमकं काय शिकले, त्याची मात्र एक ओळ नसते.

मध्यंतरी अशीच एक नोट आली तेव्हा मी समन्वयक सरांना फोन लावला. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. विचारलं, “सर, या कार्यक्रमानंतर सोमवारी वर्गात काय वेगळं होणार?”

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अहो, सर्टिफिकेट दिलीत ना सगळ्यांना. फोटोत आहे बघा.”

सर माणूस चांगला आहे. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्या दृष्टीने कार्यक्रमाचं फलित तेच होतं. आणि तिथेच माझ्या डोक्यात हा विषय बसला.

आता एक साधी गोष्ट बघा. जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायचं तर डीएड लागतं. हायस्कूलला बीएड. वर टीईटी. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ते ‘छात्राध्यापक’ पाहिलेत. पाठ घ्यायला यायचे, हातात पाठ टाचण, मागच्या बाकावर त्यांचे सर वही घेऊन बसलेले. चुकलं तर नंतर सांगायचे: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याच तीन मुलांना प्रश्न विचारू नका. एसटीच्या चालकालासुद्धा गाडी हातात देण्याआधी प्रशिक्षण असतं.

कॉलेजच्या प्राध्यापकाला काय लागतं? एमए, एमएस्सी किंवा एमकॉम. त्यावर नेट, सेट किंवा पीएचडी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्या पहिल्या पेपरात अध्यापनाबद्दल प्रश्न असतात, पण पर्यायी. चारपैकी एकावर खूण करायची. पोहणं येतं का हे कागदावर विचारून घेण्यासारखंच ते. पीएचडी म्हणजे संशोधन. म्हणजे एका माणसाने कधीही, कुणाहीसमोर, एकदाही पाठ न घेता तो कायदेशीररीत्या प्राध्यापक होऊ शकतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तर पोरांच्या वर्गात उभा राहू शकतो.

हे कुणाचं वैगुण्य म्हणून सांगत नाही. व्यवस्थाच अशी आहे. विषय येतो म्हणजे शिकवता येतं, असं आपण गृहीत धरलंय. विषय उत्तम येणारे आणि वर्गात पोरांना झोप आणणारे सर आपण सगळ्यांनी पाहिलेत.

माझ्या चुलतभावाची मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी झाली, सेट झाली. जवळच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तासिका तत्त्व म्हणजे सीएचबी. जितके तास घेतले तितके पैसे. सुट्टीत पैसे नाहीत. दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवा आदेश. कायमची भरती वर्षानुवर्षं रखडल्यामुळे आज ग्रामीण कॉलेजांमधला शिकवण्याचा मोठा भार याच पोरांच्या खांद्यावर आहे.

पहिल्या दिवशी विभागप्रमुखांनी तिला तीन गोष्टी दिल्या. सिलॅबसची झेरॉक्स, हजेरीपट आणि खडूची पेटी. म्हणाले, “मॅडम, युनिट वन तुमचं. वर्ग तिकडे.” झालं प्रशिक्षण.

दोन-तीन आठवड्यांनी घरी आली होती. म्हणाली, “काका, मी शिकवते, सगळे माना डोलावतात. समजलं का विचारलं की हो मॅडम म्हणतात. आणि टेस्टमध्ये कोरा पेपर. विषय मला येतो हो. पण समोरच्याला येत नाहीये, हे मला कळायचं कसं?”

मला वाटतं, शिकवण्याच्या धंद्यातला याच्याइतका मुळातला प्रश्न दुसरा नसेल. आणि तिला तो विचारायला कॉलेजात एकही माणूस, एकही खोली, एकही वेळ नेमून दिलेली नव्हती. म्हणून तिने तो बातमीदार काकाला विचारला.

आता तुम्ही म्हणाल, सरकारने काहीच केलं नाही का? केलंय. आणि सुरुवात चांगली केली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कॉलेज शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार आला. त्यातून १९८७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, विद्यापीठांमध्ये ‘अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेज’ सुरू करायला घेतली. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, औरंगाबाद या विद्यापीठांत अशी केंद्रं झाली. गोवा विद्यापीठातही झालं. नव्या शिक्षकासाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स, जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. २०१५ मध्ये या केंद्रांचं नाव बदलून ‘मनुष्यबळ विकास केंद्र’ झालं. ५ सप्टेंबर २०२३ ला, शिक्षकदिनी, ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम’ जाहीर झाला आणि देशभरातल्या १११ केंद्रांमधून १५ लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पाट्या दोनदा बदलल्या.

आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर राहतात. त्यांनी नव्वदच्या दशकात तो चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स केलेला. अजून त्याबद्दल बोलताना खुलतात. “अरे, व्याख्यानं निम्मी कंटाळवाणीच होती. पण संध्याकाळी मेसमध्ये जेवताना मराठीचा एक, फिजिक्सचा एक, इतिहासाच्या दोन बाया, आम्ही सगळे एका टेबलावर. तू वर्गात काय करतोस, मी काय करतो, याच्यावर भांडणं व्हायची. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्या मास्तराला ‘तू शिकवतोस कसं’ असं विचारलं.”

भाचीचा, म्हणजे नात्याने पुतणीचा, पण घरात सगळे तिला भाचीच म्हणतात, प्रश्न मी सरांच्या ओट्यावर नेला. सर म्हणाले, “तिला सांग, ‘समजलं का’ हा प्रश्न विचारणं आधी बंद कर. त्याचं उत्तर हो असंच येतं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेव. वहीचा कोपरा फाडायला सांग. नाव लिहायचं नाही. आज काय कळलं नाही, ते एका वाक्यात लिहा, मराठीत लिहा, कसंही लिहा. आणि चिठ्ठ्या घरी घेऊन जा.”

तिने केलं. विषय होता मोल. रसायनशास्त्रातला मोल. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर फिरवून फिरवून एकच गोष्ट होती: मोल म्हणजे वजन की संख्या? पोरं सूत्रात आकडे घालून उत्तर काढत होती, पण ज्याचं उत्तर काढतोय ती चीज काय आहे, तेच माहीत नव्हतं. त्यात मराठीत मोल म्हणजे किंमत, तो गोंधळ वेगळाच.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर सूत्र लिहिलंच नाही. विचारलं, डझन म्हणजे किती? बारा. डझनभर केळी आणि डझनभर कलिंगडं, आकडा सारखा का? सारखा. वजन सारखं का? वर्ग हसला. मग सांगितलं, मोल हा अणू-रेणूंचा डझनच आहे, फक्त आकडा प्रचंड मोठा. कार्बनचा एक मोल १२ ग्रॅम भरतो आणि लोखंडाचा जवळपास ५६ ग्रॅम, ते केळी-कलिंगडासारखंच. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणे मोठ्याने म्हणाला, “मॅडम, मग अकरावीत हे का नाही सांगितलं कुणी?”

पाच मिनिटं आणि वहीचे कोपरे. खर्च शून्य. प्रमाणपत्र शून्य.

सरांना मी विचारलं, ही चिठ्ठीची युक्ती तुमची का? म्हणाले, “छे. मेसच्या टेबलावर त्या फिजिक्सवाल्याने सांगितली होती.”

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही केंद्रं, हे कोर्स असूनही गाडं अडलं कुठे? माझ्या मते आपण काय मोजतो, तिथे.

प्राध्यापकाला वरच्या वेतनश्रेणीत जायचं तर ‘कॅस’, म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीममधून जावं लागतं. त्यासाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर वगैरे केल्याची प्रमाणपत्रं लागतात. कोर्स बढतीला जोडला गेला आणि हळूहळू कोर्सचा उद्देशच बढती झाला. शेवटची तारीख जवळ आली की फोनाफोनी सुरू होते: “कुठे रिफ्रेशर चालूय का हो? विषय कुठलाही चालेल.”

पण खरी गंमत पुढे आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकाच्या मूल्यमापनाचा तक्ता आहे. त्यात ‘अध्यापन’ असा रकाना आहे. तुम्हाला वाटेल, चला, इथे तरी शिकवण्याचा दर्जा बघत असतील. तक्ता सांगतो: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त तास घेतले तर ‘चांगले’. ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’. त्याखाली ‘असमाधानकारक’.

संपलं.

किती तास घेतले, एवढंच. तासाला उभं राहून गाइड वाचून दाखवलं तरी चांगले. चिठ्ठ्या गोळा करून दुसऱ्या दिवशी सगळा पाठ नव्याने मांडला तरी चांगले. दोघांना तोच शेरा. तिकडे नॅकच्या मूल्यांकनातही किती शिक्षकांनी एफडीपी केले, याची टक्केवारी विचारतात. म्हणून कॉलेजलाही प्रमाणपत्रं हवीत. शिक्षकाला हवीत, कॉलेजला हवीत, आयोजकाला कार्यक्रम झाल्याची नोंद हवी. सगळ्यांची गरज त्या एका कागदाने भागते. ज्याची भागत नाही तो बाकावर बसलेला असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

करोनाच्या काळात तर कळस झाला. तुम्हाला आठवत असेल. लॉकडाऊनमध्ये रोज कुठून ना कुठून ‘राष्ट्रीय वेबिनार’ची लिंक यायची. कॅमेरा बंद, माइक बंद, घरात भाजी निवडणं चालू, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-मेलवर प्रमाणपत्र. काही चांगले कार्यक्रमही झाले, नाही असं नाही. पण त्या पुरात चांगलं-वाईट सगळं एकाच किमतीचं झालं.

मग जगात दुसरीकडे काय करतात? मी थोडं वाचलं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये अध्यापनाच्या मदतीसाठी एक स्वतंत्र केंद्र निघालं. तिकडचं असं पहिलं केंद्र ते मानलं जातं. तिथली एक पद्धत मला फार आवडली. सत्राच्या मध्यावर शिक्षक स्वतः केंद्राला बोलावतो. केंद्राचा माणूस वर्गात येऊन बसतो. मग शिक्षक बाहेर जातो आणि तो माणूस विद्यार्थ्यांना विचारतो, शिकायला काय मदत करतंय आणि काय बदललं तर बरं होईल. ते सगळं नंतर फक्त त्या शिक्षकालाच सांगितलं जातं. विभागप्रमुखाला नाही, वरच्या साहेबाला नाही. सत्र अजून बाकी असतं, त्यामुळे त्याच पोरांसाठी सुधारता येतं. आपल्याकडेही विद्यार्थ्यांकडून फीडबॅक घेतात. वर्षाच्या शेवटी. फाइलसाठी.

दुसरी गोष्ट हार्वर्डमधल्या एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. १९९० च्या आसपासची. गृहस्थ लोकप्रिय शिक्षक. पोरं अवघड गणितं सोडवायची. एकदा त्यांनी अगदी साधी, समज तपासणारी चाचणी दिली. ट्रक आणि छोट्या मोटारीची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा धाटणीची. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बलं सारखीच. पण पोरं चुकली. एकीने तर विचारलं म्हणे, सर, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं देऊ की मला खरं वाटतं तसं?

माझूर यांनी मग वर्गाची पद्धतच बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर. ज्याला नुकतंच कळलंय तो दुसऱ्याला जास्त चांगलं समजावतो, कारण आपण कुठे अडलो होतो ते त्याला अजून आठवत असतं. आपल्याकडे शेजाऱ्याशी बोललं की वर्गाबाहेर काढतात.

आणि हे एका माणसाचं वेड नव्हे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी सुमारे ३४ टक्के. विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. फरक शंभरात बारा पोरांचा. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात शंभरात बारा म्हणजे किती घरं, हिशेब तुम्हीच करा.

आपल्या देशातही करणारे आहेत. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान कसं शिकवावं यावरच काम करतंय. आयआयटी मुंबईने दीपक फाटक सरांच्या पुढाकाराने ‘दहा हजार शिक्षक’ नावाचा मोठा कार्यक्रम केला, दूरच्या अभियांत्रिकी कॉलेजांत बसलेल्या शिक्षकांपर्यंत इंटरनेटवरून पोचून. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. आपल्या गावच्या बीए, बीएस्सीच्या वर्गापर्यंत येता येता ते पातळ होतं.

आपल्या वर्गाची म्हणून जी अडचण आहे, ती तर या बहुतेक कार्यक्रमांत येतच नाही. बारावीपर्यंत अर्धमुर्ध्या मराठीत विज्ञान शिकलेली पोरगी बीएस्सीला आली की पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, आणि सरांचं बोलणं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. तिला विषय अवघड जातोय की भाषा, हे तिलाही सांगता येत नाही. ती गप्प बसते. सहाच्या एसटीने निघून साडेसातच्या तासाला पोचते, डिक्टेशन घेते, परत जाते. काही महिन्यांनी घरचे म्हणतात, नोट्स मैत्रिणीकडून मिळतात ना, मग रोजचा पास कशाला? मग ती फक्त परीक्षेला येते. आणि मग एक दिवस पत्रिका येते लग्नाची.

वर्ग रिकामे का, यावर मी बातम्या केल्यात. मोबाइल, क्लासेस, बेरोजगारी, सगळी कारणं खरी आहेत. पण तासाला आल्यावर काही मिळतं, असं वाटलं तर निम्मी पोरं तरी येतील, हेही तितकंच खरं.

आता प्राध्यापक मित्र रागावण्याआधी त्यांची बाजू सांगतो. मी त्यांच्यात वावरतो, मला दिसतं. प्रवेश त्यांनीच करायचे, परीक्षा त्यांनीच, नॅकच्या फाइली त्यांनीच, निवडणूक ड्यूटी त्यांनीच. जागा रिकाम्या, म्हणून एकाने तिघांचं काम करायचं. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. क्रेडिट, मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग. ज्यांनी वीस वर्षं एक विषय शिकवला त्यांच्या हाती एका उन्हाळ्यात तीन नवे पेपर. त्याचं प्रशिक्षण काय, तर आठवडाभर ऑनलाइन धोरणाची माहिती. धोरण काय आहे ते सांगितलं. त्यातला पेपर साठ पोरांना कसा शिकवायचा, ते नाही.

आणि एक भीती रास्त आहे. वर्गात कोणी येऊन बसायचं म्हटलं की शिक्षकांना ती हेरगिरी वाटते. का वाटणार नाही? आपल्याकडच्या काही संस्थाचालकांच्या हातात असा अहवाल पडला तर त्याचा उपयोग शिकवणं सुधारायला होईल की पुढच्या वर्षी सीएचबीवाल्याचं नाव कापायला, हे तुम्हीही जाणता. म्हणून मिशिगनचा तो नियम महत्त्वाचा. जे बघितलं ते फक्त त्या शिक्षकाला सांगायचं. सेवापुस्तकात नोंद नाही, साहेबाच्या टेबलावर कागद नाही.

माझ्या पुतणीचंच पुढचं सांगतो. तिला रिफ्रेशर करायची इच्छा होती. तात्पुरत्या शिक्षकांना नियमात दार पूर्ण बंद नाही. पण सीएचबीला भरपगारी रजा कुठली? तितके दिवस तास गेले, म्हणजे तितके पैसे गेले. वरून पुढच्या वर्षी आपण असू की नाही याचा भरवसा नाही, मग कॉलेज तरी तिच्यावर वेळ कशाला घालवेल? म्हणजे ज्यांना बढतीसाठी कागद हवा त्यांना प्रशिक्षण मिळतं. आणि जी सत्तर पोरांसमोर पहिल्यांदा उभी राहतेय, जिला खरंच शिकायचंय, ती रांगेत सगळ्यात मागे.

टीका सोपी असते, म्हणून मला सुचतात त्या चार गोष्टी लिहितो. यात दिल्लीच्या परवानगीची गरज असलेलं फार थोडं आहे.

एक. सीएचबी शिक्षकाला सत्राच्या सुरुवातीला निदान तीन दिवस शिकवण्याचं प्रशिक्षण द्या, आणि ते तास मानधनात धरा. फुकट राबवून प्रशिक्षण होत नसतं.

दोन. प्रत्येक कॉलेजात शिक्षकांच्या जोड्या करा. मुद्दाम वेगवेगळ्या विषयांच्या. महिन्यातून एकदा एकाने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि नंतर चहा पिताना बोलायचं. अहवाल नाही, फॉर्म नाही. मराठीच्या मॅडमना रसायनशास्त्राच्या तासात काय कळलं नाही, ते विद्यार्थ्याच्या जागेवरून सांगता येतं.

तीन. तालुक्यातल्या सगळ्या कॉलेजांनी मिळून महिन्याचा एक शनिवार ठरवावा. पाहुणा नको, समई नको. एकाच विषयाचे शिक्षक एकत्र बसतील, आणि ‘पोरं नेमकी कुठे अडतात’ यावर बोलतील. मोल कुठे अडतो, मागणीची लवचीकता कुठे अडते. निवृत्त सरांना बोलवा. ते येतील, वाट बघत बसलेत.

चार. एफडीपी घेणाऱ्यांनी प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी देऊ नये. सहा आठवड्यांनी द्यावं. तेव्हा शिक्षकाने एका पानावर लिहून आणावं: वर्गात काय करून बघितलं आणि काय झालं. फसलं तरी चालेल. फसल्याचं पान तर जास्त कामाचं.

पालकांनो, तुमच्यासाठीही एक. मुलाला ‘आज कॉलेजला गेला होतास का’ एवढंच विचारू नका. ‘आज कुठल्या तासाला डोकं चाललं’ हे विचारा. उत्तर दोन-तीन दिवस नुसतंच ‘नाही’ असं आलं, तर पालक सभेत जाऊन शांतपणे बोला. सरांवर ओरडू नका. त्यांना शिकवण्यासाठी मदत काय मिळते, असं प्राचार्यांना विचारा. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. आपल्याकडे पालक कॉलेजची पायरी फक्त फी भरायला आणि दाखला आणायला चढतात.

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी चिठ्ठी लिहायला सांगितली तर चेष्टा करू नका. खरं लिहा. ‘सगळंच कळलं नाही’ असं लिहून काही होत नाही. कुठून सुटलं ते लिहा.

आणि प्राचार्य, संस्थाचालक मंडळी, तुमच्या कॉलेजात यातलं काही सुरू झालं तर मला जरूर कळवा. शाल-श्रीफळाचा फोटो नको. वर्गात काय केलं, पोरांनी काय सांगितलं, ते दोन ओळींत पाठवा. पहिल्या पानासाठी मी संपादकांशी भांडेन.

जाता जाता तुम्हा सगळ्यांना एक विनंती. कॉमेंटमध्ये तुमच्या एका कॉलेज शिक्षकाबद्दल लिहा. ‘फार चांगले होते’ एवढंच नको. ते नेमकं काय करायचे, ते लिहा. कसा प्रश्न विचारायचे, फळा कसा वापरायचे, न येणाऱ्याला कसं धरून ठेवायचे. शंभर कॉमेंट आल्या तर मी त्या नीट उतरवून आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये नेऊन देईन. नव्याने लागलेल्या सीएचबीच्या पोरापोरींना निदान तेवढी तरी शिदोरी मिळेल.

माझ्या पुतणीची यंदाची मुलाखत झालीय. आदेश अजून हातात नाही. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या मात्र तिने एका प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवल्यात. म्हणते, आदेश आला तर मोलचा पाठ यंदा पहिल्याच दिवशी नीट सुरू करता येईल.